रविवार तेवढा रिकामा होता

सैन्यात भरती व्हायच्या आधी काय काय माहीत असावं, हे कुणाला विचारायचं असेल तर त्यानं खुशाल मला विचारावं! हसू नका. मी भिंगारची. सव्वीस वर्षं माझी सकाळ छावणीतल्या बिगुलावर उजाडते. आमचे हे लष्कराच्या भांडारात सिव्हिलियन स्टोअरकीपर आहेत. घरातल्या चमच्यांनासुद्धा आमच्याकडे नंबर आहेत! तेव्हा आमच्या एकुलत्या एक ज्ञानूनं, म्हणजे ज्ञानेश्वरीनं, एके दिवशी जेवताना सांगितलं, "आई, मिलिटरी पोलिसांत मुलींना घेतात. मी अग्निवीरचा फॉर्म भरलाय," तेव्हा ह्यांच्या घशात घास अडकला. मी शांतपणे पाणी पुढे केलं.

"तुला काहीच वाटलं नाही?" ठसका थांबल्यावर ह्यांनी विचारलं.

"वाटायचंय काय त्यात? तयारीला लागायचं!"

आणि लागले की मी! कॅलेंडरच्या मागच्या बाजूला यादी केली. दहावीचं गुणपत्रक, डोमिसाईल, चारित्र्याचा दाखला, फोटो वीस. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं एकशे बासष्ट सेंटिमीटरची रेघ मारली आणि ज्ञानूला रोज तिथं उभी केली, जशी काही ती भोपळ्याचा वेल होती आणि रोज वाढणार होती. पहाटे मैदानावर ती पळायची आणि मी कडेला बसून वेळ मोजायचे. एकदा ह्यांनी घड्याळाचा सेल काढून रेडिओत घातला, तेव्हा मी जपमाळेवर वेळ मोजला. दोन माळांत चार फेऱ्या!

"आई, आज मी कालच्यापेक्षा मागे कशी?" ज्ञानू धापा टाकत म्हणाली.

"मागे नाहीस गं. आज गुरुवार. दत्ताचं नाव माझ्या तोंडी फार भरभर येतं."

हे एक माझ्याविषयी सांगायला हवं. माझा प्रत्येक वार देवाचा. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, बुधवार पांडुरंगाचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा आणि शनिवार मारुतीचा नि शनिदेवाचा, दोघांत अर्धा अर्धा. रविवार तेवढा रिकामा होता. त्या दिवशी मी चहात आलं घालायचे आणि दुपारी अर्धा तास पडायचे. तेवढीच माझी चैन.

लेखी परीक्षा झाली, पळणं झालं, उड्या झाल्या. ज्ञानू सगळ्यांत पास! उरली फक्त पुण्याची वैद्यकीय तपासणी. ती सोमवारी होती. आणि आदल्या शनिवारी मी शिंगणापूरला जाऊन तेल वाहून आले. दोन बाटल्या नेल्या होत्या. एक देवाला वाहिली, दुसरी उरली. देवाच्या पायाशी जाऊन आलेलं तेल, ते काय भजी तळायला वापरायचं?

आमच्याकडे शनिवारी सगळ्यांच्या कानात कोमट तेल घालायचा रिवाज आहे. माझ्या सासूबाईंनी घातलं, त्यांच्या सासूबाईंनी घातलं, आणि या घरातलं कुणी बहिरं झालेलं नाही. त्यात शेजारच्या छबूबाईंनी भर घातली.

"ताई, चार लसनाच्या पाकळ्या टाका त्यात. पोरगी सात म्हैने लांब ऱ्हानार. तिकडं कोन कानात तेल घालनार हाय?"

मी पाकळ्या टाकल्या. तेल तांबूस होईपर्यंत कढवलं, कोमट केलं, ज्ञानूचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन्ही कानांत घातलं. वर कापूस.

सोमवारी संध्याकाळी ज्ञानू परतली ती दारातच बसली. बूटसुद्धा काढले नाहीत.

"काय झालं गं?"

"आई, डॉक्टर मॅडमनी कानात बॅटरी मारली आणि म्हणाल्या, 'बेटा, कान में तडका किसने लगाया?'"

ह्यांना हसू फुटलं. मग ज्ञानूचा चेहरा दिसला आणि ते हसू त्यांनी खोकल्यात घातलं.

"कानात आधीचा मळ होता, तो तेलानं फुगला. पडदा दिसेना. तात्पुरती अनफिट! अकरा दिवसांनी मिलिटरी हॉस्पिटलात पुन्हा दाखवायचं. तेव्हाही नाही दिसला तर संपलं." एवढं बोलून ती उठली आणि बुटांसकट आत जाऊन झोपली. माझ्या स्वयंपाकघरातून बुटांसकट!

देवघरापुढे बसले. नवस बोलायचा तर वार कुठला द्यायचा? सहा तर आधीच दिलेले. दिलेलाच वार परत देणं म्हणजे लग्नात आलेलं पातेलं दुसऱ्याच्या लग्नात देण्यासारखं! देवाला द्यायला माझ्याकडे रविवारच शिल्लक होता. उपास आणखी एक वाढवला असता तर ह्यांनीच मला अनफिट ठरवलं असतं. म्हणून म्हटलं, देवा, ही भरती झाली तर ती घरातून निघेल तेव्हापासून ओळीनं एकवीस रविवार मौन पाळीन. सूर्योदय ते सूर्योदय. मध्ये मोडलं तर पुन्हा पहिल्यापासून.

हे शेवटचं वाक्य मला कुणी बोलायला सांगितलं होतं? पण भरात माणूस बोलून जातं!

नगरच्या कानाच्या डॉक्टरांनी पिचकारीनं कान धुऊन दिले. अकराव्या दिवशी ज्ञानू फिट! दीड महिन्यानं यादीत नावही आलं. पेढे वाटले, शेवया केल्या, आणि बंगळूरच्या ट्रेनिंगला हजर व्हायचं पत्र आलं. ह्यांनी चष्मा लावून वाचलं आणि गाडीचं तिकीट काढलं. निघायचं होतं रविवारी.

माझ्या पोरीला मी निरोप दिला तो तोंडातून एक शब्द न काढता!

त्या सकाळी घर माणसांनी भरलेलं. बायका ओटी भरत होत्या, नारळ देत होत्या. छबूबाई मोठ्या आवाजात म्हणाल्या, "आईनं कानात तेल वतून आडवायला बघितलं, पर पोरगी लई जिद्दीची!" सगळ्या खळखळून हसल्या. चेष्टाच होती ती. पण ज्ञानू हसली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. असं काही तिच्या मनात आजवर आलंच नव्हतं, हे मला त्या बघण्यावरून कळलं, आणि आता आलं, हेही कळलं.

स्टेशनवर गाडी सुटायच्या बेतात होती. ती खिडकीशी बसली, गजांतून माझा हात धरला आणि ह्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "आई, खरं सांग. मुद्दाम घातलंस?"

मी मान हलवली. म्हणजे हलवायला घेतली. पण ती उभी हलली की आडवी, ते माझं मलाही सांगता येणार नाही. गाडी हलली, त्याबरोबर मीही हलले.

आता तुम्ही म्हणाल, सोमवारी फोन करायचा! तर तिथं मोबाईल जमा करून घेतात. फोन आठवड्यातून एकदा, पाच मिनिटं. आणि तो वार कुठला असेल? देवळातल्या विष्णुपंत गुरुजींना मी सोमवारी सकाळीच गाठलं.

"गुरुजी, वार बदलून मिळेल का?"

"वहिनी, हे काय रेशनचं दुकान आहे? बोललात रविवार, तर रविवार."

"खुणा चालतील?"

"मौन जिभेचं बोललात ना? हात मोकळे आहेत."

म्हणून पुढच्या रविवारी दुपारी चारला फोन वाजला तेव्हा हे बोलायला आणि मी खुणा करायला, अशी आमची फौज तयार झाली. फोन स्पीकरवर. "अप्पा, आई कुठंय?" तो आवाज! आठ दिवसांनी ऐकत होते. मौन मोडू नये म्हणून तोंड पदरानं दाबून धरलं. मी घास घेतल्याची खूण केली: जेवतेस ना नीट?

"आई विचारतेय, दात दुखतात का," हे म्हणाले.

मी कपाळाला हात लावला.

"आणि डोकं दुखतं का."

मी केसांवरून हात फिरवून कात्रीसारखी बोटं चालवली: केस कापले का गं तुझे?

हे बराच वेळ बघत राहिले. "तुझ्या खोलीत खेकडे येतात का, असं काहीतरी विचारतेय."

पाच मिनिटं संपली. सव्वीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझं काय काय समजत आला असेल, या विचारानं मला त्या दिवशी झोप आली नाही!

तिसऱ्या रविवारी मी देवघरातली घंटा घेऊन बसले. एक टोला म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. ज्ञानूलाही ते पटलं. "आई, बरी आहेस?" टण्. "रडतेस?" टण् टण्. खोटं होतं, पण घंटा बोलली, मी नाही! तिकडे ज्ञानूच्या मागे फोनच्या रांगेत पंजाबपासून केरळपर्यंतच्या मुली उभ्या. त्यांना वाटलं, हिच्या घरी देऊळच आहे. एक मुलगी म्हणे घंटा ऐकली की चप्पल काढून नमस्कार करायला लागली.

आणि इकडे? रविवारी ठीक चारला घंटा वाजते म्हटल्यावर गल्लीतल्या बायका आरती समजून यायला लागल्या! आधी दोन, पुढच्या रविवारी सात. मला बोलायची सोय नाही, त्यांना परत कसं पाठवणार? खुणेनं 'जा' म्हटलं तर बसल्या, पाटावर. मग शिरा करणं आलं. नवव्या रविवारी अर्धा किलो रवा लागला!

त्यांत एकदा छबूबाईंनी फोनमध्ये तोंड घातलं. "ज्ञानू, मी छबूमावशी! आमच्या करनची भरती हाय गं फुडल्या म्हैन्यात. काय काय करावं त्यानं?"

ज्ञानूनं सांगितलं. आणि आमच्या घराचं भरती केंद्र झालं! पुढच्या रविवारपासून बायका आपापली पोरं घेऊनच येऊ लागल्या. पोरं ओट्यावर ओळीनं, वह्या घेऊन. माझ्या वाट्याच्या पाच मिनिटांत प्रश्न असे:

"दीदी, दंडावर गोंदून घेतलं तर चालतं का?"

"मुळीच नको. दंडावर चालत नाही. कशाला ती रिस्क?"

"दाखल्यावर नाव येक नि आधारवर दुसरंच हाय."

"आजच दुरुस्तीला टाक. तिथं कुणी ऐकून घेत नाही."

"वजन दोन किलो कमी भरतंय गं माझ्या बाळ्याचं."

"केळी खा, पण आदल्या दिवशीच डझनभर नको! आणि इंजेक्शन-गोळ्यांच्या नादी लागू नका. पैसे घेऊन भरती करून देतो म्हणणाऱ्याला तर दारात उभं करू नका. आणि हे बघा, घरची आठवण येते. फार येते. ते कुणी आधी सांगत नाही."

हे शेवटचं तिनं कुणाला सांगितलं, ते मला कळलं. मी घंटा हातात धरून भिंतीशी बसले होते. टोला देणार कसला! तिनं काही विचारलं असेल तर ना.

पत्रं मी लिहीत होते. दर सोमवारी. लिंबाचं लोणचं घातलं, तुळशीला नवी माती घातली, अप्पांचा चष्मा पुन्हा हरवला, पुन्हा कपाळावरच सापडला. चार चार पानं! पण त्या एका प्रश्नाशी आलं की पेन थांबायचं. 'नाही गं, मुद्दाम नाही' असं दोनदा लिहिलं आणि दोन्ही पानं चुलीत गेली. जगाला सांगत होते, काय करू, मौन आडवं येतं. खरं म्हणजे ते मौन माझ्या फार सोयीचं पडलं होतं.

पंधरावा रविवार. ओटा भरलेला. आता छबूबाईंचा करण पुढं सरकला. परवावर त्याची तपासणी आलेली.

"दीदी, कानाचं काय करू?"

तिकडून ज्ञानू नुसतीच हसली. "कानाचं? ते आमच्या आईला विचार."

बायका हसल्या. हे हसले. आणि मग, स्पीकर चालू आहे, अर्धं भिंगार ऐकतंय, याचा विसर पडल्यासारखा तिचा आवाज आला. लहानपणी ताप आला की यायचा, तसला.

"आई, मी स्टेशनवर विचारलं होतं. तू पत्रात सगळं लिहितेस, तेवढंच लिहीत नाहीस. मी रागावणार नाही गं. मुद्दाम घातलंस का? घंटा वाजव. हो की नाही, एवढंच."

सगळी गल्ली माझ्या हाताकडे बघायला लागली. शिऱ्याच्या ताटलीवर माशी बसली तरी कुणी हाकलली नाही.

दोन टोले दिले असते की सुटले असते. हात उचललाही. पण दोन टोले खोटे होते. आणि एक टोलाही खोटा होता! उजव्या कानात तेल घातलं ते देवाशप्पथ तिच्या भल्यासाठी. मग तिनं कूस बदलली. गाल माझ्या मांडीवर. तेल घालताना ती डोळे मिटून घेते, पाच वर्षांची असल्यापासून. आणि मला वाटलं, सोमवारी या कानांत कुणीतरी बघणार आहे. हे मला माहीत होतं. कानात मळ असला की परत पाठवतात, हे माझ्या कॅलेंडरमागच्या यादीत अकराव्या नंबरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. क्षणभर वाटलं, पाठवू देत. आणि दुसरा चमचा मी काठोकाठ भरला.

आता हे घंटेवर कसं वाजवायचं?

चौदा रविवार पदरात होते. सातच उरले होते. विष्णुपंत गुरुजीही शिरा खायला म्हणून ओट्यावरच बसलेले!

"एकाच कानात," मी म्हणाले.

एवढ्या दिवसांनी रविवारी माझा आवाज ऐकून ह्यांच्या हातातली ताटली पडली. छबूबाई "अगं बया!" म्हणून मटकन खाली बसल्या. गुरुजींनी डोळे मिटले आणि बोटांवर काहीतरी मोजायला घेतलं. मी मोजलंच नाही. मोडलंय तर मोडलंय! मी फोन हिसकावून घेतला आणि सुटले. म्हटलं, बाळा, माझं चुकलं. म्हटलं, तू गेल्यापासून दाराच्या चौकटीवरची रेघ पुसू दिली नाही मी रंगाऱ्याला. म्हटलं, पहाटे बिगुल वाजला की अजून चुकून तीन कप चहा टाकते. म्हटलं, जेवतेस ना, केस कापले का, पाय दुखतात का. म्हटलं, मला तू हवी होतीस गं घरी, आणि तू गेलेलीही हवी होतीस. इतकं मी उभ्या आयुष्यात एका दमात बोलले नव्हते. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. करणनं सगळं वहीत उतरवून घेतलं, भरतीला उपयोगी पडेल म्हणून!

मग ह्यांनी हळूच फोन माझ्या हातातून घेतला. "अगं, पाच मिनिटं केव्हाच संपली. तुझ्या 'कानात'वरच कट झाला."

तो आठवडा कसा गेला, विचारू नका. सोमवारी पत्र लिहायला बसले तर शाईपेक्षा पाणीच जास्त पडलं. गुरुजींनी निकाल दिला, "वहिनी, पुन्हा पहिल्यापासून. तुम्हीच बोलला होतात." शनिवारी कुणाच्याही कानात तेल घातलं नाही. ह्यांनी स्वतःहून कान पुढे केला तरी नाही!

रविवार उजाडला. नवा पहिला. मी पुन्हा गप्प. आणि चारला फोन.

"अप्पा," ज्ञानूचा आवाज आला. मागे मुलींचं फिदीफिदी चाललेलं. "आईला विचारा, कुठल्या?"

मी डावा कान धरला. धरूनच राहिले. शाळेत शिक्षा केल्यासारखी.

"डाव्या म्हणतेय," हे म्हणाले. एवढ्या महिन्यांत माझी पहिली खूण ह्यांना बरोबर कळली!

"वाटलंच मला! उजवा डॉक्टरनी एका पिचकारीत धुतला होता. डाव्याला तीन लागल्या." आणि ती जी हसायला लागली! मागच्या मुलींना तिनं हिंदीत काहीतरी सांगितलं, मग त्याही हसायला लागल्या. पाचच्या पाच मिनिटं फोनमधून नुसतं हसणं येत होतं. बायका ताटकळल्या. करणला काही विचारायचं होतं, त्याला मी हातानंच बसवलं. इतकी सुंदर पाच मिनिटं मी ऐकली नाहीत कधी.

आता नव्यानं नववा रविवार चालू आहे. अजून बारा. ज्ञानूचं ट्रेनिंग पुढच्या महिन्यात संपतंय आणि तिला सुट्टी मिळालीय. मी रोज दाराकडे बघते. काय काय बोलायचं, त्याची कॅलेंडरमागे यादी केलीय, चाळीस नंबर झालेत. तिकीट ह्यांनी काढून पाठवलं. मोठ्या हौसेनं, मला न विचारता.

गाडी रविवारी पहाटे पोचतेय. आणि सोमवारी दुपारच्या एसटीनं ती चार दिवस मैत्रिणींबरोबर भंडारदऱ्याला निघालीय!